गाभण गाढवीला उपास का सोसत नाही?

रक्ताचा नमुना न गोठू देता काचेच्या नळीत घेतला आणि ती नळी सावलीत उभी करून ठेवली, तर तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळसर, पारदर्शक द्रव उरतो. या द्रवाला रक्तरस म्हणतात. घोडा आणि गाढव यांच्या रक्तात पेशी एकमेकींना चिकटून चळती करतात, त्यामुळे त्या लवकर बसतात आणि थोड्याच वेळात दोन थर स्पष्ट दिसू लागतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात धुळ्याजवळच्या एका वीटभट्टीवर एका पशुवैद्य मित्राबरोबर जाण्याचा योग आला. एक गाभण गाढवी आजारी होती. तिचा मालक सांगत होता, "दोन दिन व्हयनात, चाराले तोंडच लावस नही." ताप नव्हता, जखम नव्हती, पोटही फुगलेले नव्हते. ती नुसती मान खाली घालून उभी होती. पशुवैद्यांनी तिचे रक्त काढले आणि नळी भिंतीच्या आडोशाला उभी करून ठेवली. थोड्या वेळाने आम्ही पाहिले तेव्हा तळाशी लाल पेशी होत्या, पण वरचा थर पिवळसर नव्हता. तो पातळ ताकासारखा पांढरा होता.

मालकाला आम्ही विचारले, तिला किती दिवस झाले? त्याच्या हिशेबाने अकरावा महिना चालू होता. जनावर जड झाल्यामुळे त्याने पंधरा दिवसांपूर्वी तिचे काम बंद केले होते. हे त्याने योग्यच केले. परंतु काम नाही म्हणून तिचा कडबाही बंद झाला. दिवसभर ती मोकळी सुटे आणि उन्हात मिळेल ते हुंगत फिरे. कडब्याची पेंढी महाग आणि कामाची जनावरे आणखी चार, तेव्हा त्याचा हिशेबही आपल्याला समजण्यासारखा आहे. उपचार झाले, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी गाढवी मेली आणि तिच्याबरोबर पोटातले शिंगरूही गेले.

मालकाच्या मनात एकच प्रश्न होता. ही गाढवी काही हाडकुळी नव्हती. तिच्या मानेवर चरबी होती. उन्हाळ्यात चार-आठ दिवस कमी खाऊन राहणारी गाढवे त्याने जन्मभर पाहिली होती. मग हीच कशी गेली? या लेखात आपण त्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. त्यासाठी गर्भकाळाचे गणित, यकृताचे काम आणि युरोपात शिकारीसाठी पाळला जाणारा एक लहानसा प्राणी, या तिन्हींकडे पाहावे लागेल.

बारा महिन्यांचे गणित

गाईचा गर्भकाळ सुमारे नऊ महिने नऊ दिवसांचा, म्हशीचा दहा महिन्यांहून थोडा अधिक, शेळीमेंढीचा पाच महिन्यांचा आणि घोडीचा सुमारे अकरा महिन्यांचा असतो. गाढवीचा गर्भकाळ याहून मोठा, म्हणजे साधारण बारा महिन्यांचा. पुष्कळ गाढवी ३६५ ते ३७५ दिवसांच्या आसपास वितात. मात्र यात महिनाभर मागेपुढे होणे ही नवलाची गोष्ट नाही.

बारा महिन्यांच्या गर्भकाळाचा एक साधा परिणाम सहसा लक्षात येत नाही. ज्या महिन्यात गाढवी फळली, त्याच महिन्यात पुढच्या वर्षी ती विणार. खानदेशात वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. त्या काळात जनावरे मोकळी सोडली जातात, नरमाद्या एकत्र चरतात आणि हिरवा चारा मिळाल्याने माद्यांची प्रकृतीही सुधारलेली असते. म्हणून पावसाळ्यात फळलेल्या गाढवींची संख्या मोठी असणार हे उघड आहे. अशी गाढवी पुढच्या पावसाळ्यात विणार, म्हणजे तिच्या गर्भकाळाचे अखेरचे तीन महिने चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठात पडणार. जळगाव-धुळे भागात याच काळात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, बांधावरचे गवत वाळून जाते आणि पावसापूर्वी विटा पाडून भट्ट्या लावण्याची घाईही याच काळात असते. गर्भाची गरज सर्वांत जास्त, चारा सर्वांत कमी आणि काम सर्वांत जड, असे तीन प्रतिकूल योग एकाच वेळी जुळून येतात.

पुष्कळ पशुपालक दिवस पंचांगाच्या महिन्यांनी मोजतात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे गाढवी ज्या तिथीला फळली ती तिथी वर्षाने पुन्हा आली, तरी ३६५ दिवस भरायला आणखी अकरा दिवस लागतात. मध्ये अधिक मास आला (२०२३ साली अधिक श्रावण होता) तर हिशेब उलट बाजूने चुकतो. वर्गात कालगणना शिकवताना हे उदाहरण घेण्याजोगे आहे.

गर्भ वाढतो तो शेवटी

गर्भाची वाढ बारा महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिल्या काही महिन्यांत अवयव घडतात, पण वजन फारसे वाढत नाही. जन्माच्या वेळच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन अखेरच्या तीन महिन्यांत वाढते. आपल्याकडची लहान चणीची गाढवी साधारण १०० ते १५० किलो वजनाची असते आणि शिंगराचे जन्मवजन आईच्या वजनाच्या सुमारे एक दशांश भरते. याशिवाय वार आणि गर्भजल यांचे ओझे वेगळे. म्हणजे विटांची गोणी पाठीवर चढण्यापूर्वीच पोटात पंधरा-वीस किलोचे ओझे असते.

वाढणाऱ्या गर्भाचे मुख्य इंधन ग्लुकोज हे आहे. आईच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भाकडे जाते. आईच्या अंगावरील चरबी गर्भाला इंधन म्हणून थेट फारशी वापरता येत नाही. यासाठी निसर्गाने एक व्यवस्था केली आहे. गर्भकाळाच्या उत्तरार्धात आईचे स्नायू इन्शुलिनला पूर्वीइतके दाद देत नाहीत. ते ग्लुकोज कमी उचलतात आणि ती साखर गर्भासाठी रक्तात शिल्लक राहते. आई स्वतः मात्र जास्त करून चरबीवर भागवते. हे सर्व सस्तन प्राण्यांत कमीअधिक प्रमाणात घडते. माणसातील गरोदरपणीचा मधुमेह हा याच व्यवस्थेचा तोल जाण्याचा प्रकार आहे.

गाढवाच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. गाढवाचे पूर्वज म्हणजे ईशान्य आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातील रानगाढवे. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेत माणसाने त्यांना माणसाळवले, असे आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. निकृष्ट चाऱ्यावर जगायचे, चांगल्या दिवसांत चरबी साठवायची आणि वाईट दिवसांत ती वापरायची, हा या प्राण्याचा स्वभाव. त्यामुळे मुळातच गाढवाचे शरीर इन्शुलिनला कमी दाद देते आणि साठवलेली चरबी चटकन बाहेर काढते. वाळवंटात हा गुण जीव वाचवतो. गर्भकाळाच्या अखेरीस मात्र तोच गुण अंगाशी येतो. तो कसा, ते आता पाहू.

यकृत नावाचे मालधक्का

चरबीच्या पेशींत साठा असतो तो ट्रायग्लिसराइड या रूपात. त्याचे विघटन करणारे विकर तेथेच हजर असते. त्याला आवर घालण्याचे काम इन्शुलिन करते. पोटात अन्न नसले की इन्शुलिन घटते आणि हा आवर सुटतो. ऊन, वेदना, लांबचा प्रवास किंवा कळपातून ताटातूट यांमुळे ताणाची संप्रेरके वाढतात आणि विघटनाला आणखी जोर येतो. मग चरबी मेदाम्लांच्या रूपात रक्तात उतरते आणि मोठ्या प्रमाणावर यकृताकडे जाते.

यकृताचे काम समजण्यासाठी जळगाव जिल्ह्यातीलच उदाहरण घेऊ. रावेर-सावदा भागातील केळी पूर्वापार रेल्वेने उत्तरेकडे जात आली आहेत. कल्पना करा, की स्टेशनाच्या मालधक्क्यावर केळी येत आहेत. त्यांतली काही गावातच खपतात, काही वाळवून ठेवली जातात आणि उरलेली वाघिणींत भरून पुढे पाठवली जातात. यकृताकडे आलेल्या मेदाम्लांचेही असेच तीन मार्ग असतात. काही तेथेच जाळली जाऊन ऊर्जा मिळते. काहींपासून कीटोन हे लहान रेणू तयार होतात आणि ते इतर अवयवांना इंधन म्हणून उपयोगी पडतात. उरलेल्या मेदाम्लांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड बनते आणि प्रथिनांच्या वेष्टनात बांधून ते रक्तात सोडले जाते. या गाठोड्यांना मेदप्रथिने म्हणतात.

आता सगळ्या बागांतली केळी एकाच दिवशी धक्क्यावर आली तर काय होईल? वाघिणी कमी असतील तर धक्क्यावर ढीग साचेल. वाघिणी भरपूर असतील तर त्या भरून निघतील, पण पुढची सगळी लाइन तुंबेल. गर्भार जनावराने खाणे सोडले की नेमके हेच घडते. मात्र कोणत्या प्राण्यात ढीग साचणार आणि कोणत्या प्राण्यात लाइन तुंबणार, हे वेगवेगळे असते.

मेंढीच्या यकृताची मेदप्रथिने बाहेर पाठवण्याची शक्ती कमी असते. त्यामुळे चरबी यकृतातच साचते आणि कीटोन बेसुमार वाढतात. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांना विचारले, तर जुळी असलेली मेंढी विण्याच्या आधी पंधरा-वीस दिवस एकाएकी मंदावते, आंधळ्यासारखी वागते आणि बसते ती उठत नाही, हा अनुभव ते सांगू शकतील. या रोगाला गर्भावस्थेतील कीटोनरोग म्हणतात. पोटात दोन कोकरे, त्यांनी व्यापलेली जागा, त्यामुळे कमी झालेला चारा आणि त्यातच एखादा दिवस उपासाचा, एवढे कारण त्याला पुरते.

घोडा आणि गाढव यांची तऱ्हा उलट आहे. त्यांच्यात कीटोन फारसे बनत नाहीत. त्यांचे यकृत मेदप्रथिने भराभर रक्तात सोडत राहते. रक्तात इतकी चरबी उतरते की रक्तरस दुधाळ दिसू लागतो. आम्ही नळीत पाहिलेला पांढरा थर म्हणजे ही चरबी. हा रोग अतिमेदरक्तता या नावाने ओळखला जातो. तो वाढत गेला की यकृत आणि मूत्रपिंड यांतही चरबी साचते, ती निकामी होऊ लागतात आणि जनावर दगावते. गाढवे आणि लहान चणीची तट्टे यांत तो जास्त आढळतो. नरांपेक्षा मादीला, त्यातही गाभण किंवा दुभत्या मादीला धोका जास्त आणि अंगावर चरबी असलेल्या मादीला तर सर्वांत जास्त. मालकाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. गाढवीच्या मानेवरची चरबी हा तिचा आधार नव्हता. उपास घडताच तीच चरबी एकदम रक्तात लोटली.

हे एक दुष्टचक्र असते. रक्तात चरबी वाढली की भूक आणखी मरते. भूक मेली की उपास लांबतो आणि आणखी चरबी बाहेर पडते. चक्र चालू झाल्यावर नुसता चारा पुढे टाकून ते थांबत नाही.

एक दूरचा नातेवाईक

युरोपात फेरेट नावाचा मुंगसाएवढा मांसाहारी प्राणी पाळतात. तो तेथील पोलकॅट या रानटी प्राण्याचा माणसाळवलेला वंशज आहे. सशांच्या बिळात त्याला सोडायचे, ससे घाबरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पळाले की जाळ्यात धरायचे, अशी ही शिकारीची जुनी पद्धत. म्हणजे फेरेट हेही गाढवाप्रमाणे कामाचे जनावर आहे. त्याची मादी सातशे-आठशे ग्रॅम वजनाची, गर्भकाळ अवघा ४२ दिवसांचा आणि एका वेतात सरासरी आठ पिल्ले. एकेक पिल्लू आठ-दहा ग्रॅमचे धरले, तरी सगळ्यांचे मिळून वजन आईच्या वजनाच्या दशांशाच्या आसपास जाते. गाढवी बारा महिन्यांत जेवढ्या प्रमाणात गर्भ वाढवते, तेवढ्याच प्रमाणात ही मादी सहा आठवड्यांत वाढवते.

फेरेटचे आतडे आखूड असते. खाल्लेले अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. गर्भकाळाच्या शेवटच्या आठवड्यात मादीला एक दिवस उपास घडला, तरी तिच्या यकृतात चरबी साचते, कीटोन वाढतात आणि ती मरू शकते. म्हणून ही मादी पाळणारे लोक गर्भाच्या उत्तरार्धात तिला शिकारीला नेत नाहीत, तिची जागा बदलत नाहीत आणि तिच्यापुढे अन्न-पाणी सतत ठेवतात.

पाऊण किलोचा मांसाहारी, तीस किलोचा रवंथ करणारा आणि सव्वाशे किलोचा तृणभक्षी अशा तीन प्राण्यांत एकच नियम दिसतो. गर्भाची मागणी शेवटी एकदम वाढते, ती ग्लुकोजची असते, आणि त्या वेळी पुरवठा तुटला की आईच्या चरबीचा बांध फुटतो. पाठ्यपुस्तकात पचन, यकृत, संप्रेरके आणि प्रजनन ही प्रकरणे निरनिराळी असतात. जनावराच्या शरीरात ती एकाच वेळी चालू असतात.

काळजी कशी घ्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे गाढवी गाभण आहे हे वेळेवर कळणे. माज थांबणे ही मालकाला दिसणारी खूण आहे, पण ती पुरेशी नाही. पशुवैद्य गुदमार्गे हात घालून किंवा स्वनातीत तपासणीने गर्भ ओळखू शकतात. घोडीच्या गर्भकाळात सुमारे ४० ते १२० दिवसांच्या दरम्यान रक्तात एक विशेष संप्रेरक असते. १९३० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील कोल आणि हार्ट यांनी ते गाभण घोडीच्या रक्तात शोधून काढले. हे संप्रेरक ओळखून गर्भनिदान करणारा रक्त तपासणीचा संच हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तयार केला आहे. वीटभट्टीवर हे सर्व होणे कठीण. पण फळल्याची तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवणे कोणालाही जमते, आणि निम्मे काम तेवढ्याने होते.

दुसरी गोष्ट कामाची. निरोगी गाढवीने पहिले सहा-सात महिने बेताचे काम करण्यास हरकत नाही. हालचालीने तिची प्रकृती चांगलीच राहते. पुढे ओझे टप्प्याटप्प्याने कमी करावे आणि अखेरचे तीन महिने पाठीवर ओझे घालू नये. पूर्ण बांधून ठेवण्याचीही गरज नाही, सकाळ-संध्याकाळ मोकळे चालणे चांगले. येथे कायद्याचीही आठवण करून दिली पाहिजे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलोंपेक्षा जास्त ओझे घालता येत नाही. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर कामाला लावता येत नाही. वीट तीन किलोची धरली, तर १६ विटांतच ४८ किलो भरतात. ही मर्यादा धडधाकट जनावराची आहे, गाभण जनावराची नव्हे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चाऱ्याची. काम बंद झाले म्हणून चारा बंद करायचा नाही, हे एक वाक्य लक्षात राहिले तरी या लेखाचा हेतू सफल झाला. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय पोटातील बरीच जागा व्यापते, त्यामुळे गाढवीला एका वेळी जास्त खाता येत नाही. चारा दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा द्यावा, रात्रीसाठीही पुढ्यात ठेवावा. दिवसाला वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे सव्वाशे किलोच्या गाढवीला अडीच किलोच्या आसपास कोरडा चारा हे किमान धरून चालावे. दादर किंवा ज्वारीचा कडबा बारीक तोडून, त्यात हरभऱ्याचे किंवा तुरीचे भूस, मिळाल्यास भुईमुगाचा वाळलेला पाला मिसळावा. भुईमूग, तूर, हरभरा यांच्या पाल्यात प्रथिने जास्त असतात आणि गर्भाच्या वाढीला ती लागतात. शेवटच्या काळात गव्हाचा कोंडा किंवा डाळीची चुनी मूठ-दोन मूठ द्यावी. मात्र कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. एकदम धान्य घातले तर पोटदुखी होते आणि खुरांना सूज येऊन जनावर लंगडते. बुरशी लागलेला कडबा वर्ज्य समजावा. पहिल्या पावसानंतर ज्वारीच्या धसकटांना येणारे कोवळे फुटवे विषारी असतात. त्यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच.

लठ्ठ गाढवी गाभण असताना तिला बारीक करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. काम सुटलेली जनावरे गावात उकिरड्यावर फिरताना प्लॅस्टिकच्या पिशव्या खातात, त्यांनी आतडे तुंबते आणि उपास घडतो. म्हणून मोकाट सोडणे हाही एक प्रकारचा उपासच आहे. पाणी स्वच्छ आणि सावलीत ठेवलेले असावे. घाण पाण्याला गाढव तोंड लावत नाही आणि तहानलेले जनावर कोरडा चारा खात नाही.

चौथी गोष्ट म्हणजे लक्ष ठेवणे. गाढव दुखणे दाखवत नाही. घोडा लोळेल, पाय आपटेल, गाढव मात्र नुसते उभे राहील. त्यामुळे गाभण गाढवीने एक दिवस चारा सोडला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात, नाकातून नळीने अन्न पोहोचवतात आणि उपासाचे मूळ कारण शोधतात. ते दातांचे दुखणे असू शकते, जंत असू शकतात किंवा लंगडणेही असू शकते. डॉक्टर येईपर्यंत बादलीत गुळाचे पाणी आणि थोडे हिरवे गवत पुढे ठेवावे. आपण होऊन घेतले तर चांगले. बांबूच्या नळ्याने घशात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन जनावर दगावते. धनुर्वाताची लस विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे दिली तर तिचा फायदा शिंगरालाही मिळतो.

विणे आणि चीक

विण्याच्या आधी कास भरते आणि सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमतात. गाढवी बहुधा रात्री विते. पाणमोट फुटल्यानंतर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यावे. त्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आधी दिसली तर वार वेळेआधी सुटली असे समजावे. ती पिशवी लगेच फाडावी लागते, नाहीतर शिंगरू गुदमरते. सामान्यतः शिंगरू तासाभरात उभे राहते, दोन तासांत पिऊ लागते आणि तीन तासांत वार पडते. यांपैकी काही चुकले, तर डॉक्टरांना बोलवावे.

माणसाच्या बाळाला आईकडून प्रतिद्रव्ये वारेतूनच मिळतात. गाढवीच्या वारेचे थर जाड असल्यामुळे शिंगराला ती मिळत नाहीत. ती सगळी चिकात असतात. शिंगराच्या आतड्यातून ती रक्तात शोषली जाण्याची मुभा फक्त पहिल्या दिवसापुरती असते, आणि पहिल्या सहा तासांत हे शोषण सर्वांत चांगले होते. म्हणून चीक काढून टाकणे किंवा विकणे म्हणजे शिंगराला उघड्यावर सोडणे होय. गाढवीचे दूध लहान मुलांच्या खोकल्यावर औषध म्हणून चमच्या-चमच्याने विकले जाते. त्या समजुतीला शास्त्रीय आधार नाही, आणि कच्चे दूध बाळाला पाजण्यात जंतुसंसर्गाचा धोका आहे. शिंगराला मात्र त्या दुधाशिवाय दुसरा आधार नाही.

वर्गात करण्यासारखे

एका पेल्यात पाणी घेऊन त्यात तेलाचे दहा थेंब टाका आणि ढवळा. तेल पुन्हा वर येते, पाणी पारदर्शक राहते. दुसऱ्या पेल्यात तेवढेच पाणी व तेल घेऊन थोडे साबणाचे पाणी घाला आणि जोराने हलवा. द्रव दुधाळ होतो. तेल तेवढेच आहे, फक्त त्याचे सूक्ष्म थेंब झाले आहेत. रक्तातील चरबीही प्रथिनांच्या वेष्टनामुळे अशीच विखुरलेली असते, म्हणून रक्तरस पांढरा दिसतो. दोन्ही पेल्यांमागे छापील कागद धरून अक्षरे वाचता येतात का, हेही विद्यार्थ्यांना पाहायला सांगा.

दुसरा उपक्रम हिशेबाचा आहे. फळण्याचे वेगवेगळे महिने घेऊन अखेरचे तीन महिने कोणत्या ऋतूत येतात, याचा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. गाय, शेळी आणि गाढवी यांच्यासाठी तीन तक्ते केले, तर चारा साठवण्याचे नियोजन आपोआप समोर येते. फळण्याचा काळ दोन-तीन महिने पुढे ढकलता आला, तर गाढवीचे शेवटचे महिने पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्यात येतील, हेही मुलांना तक्त्यावरून सुचेल.

देशातील गाढवांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार होती. २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. ट्रॅक्टर आणि टेम्पो आल्याने गाढवाची गरज घटली हे खरे, पण ज्याच्या घरी अजून चार-पाच गाढवे आहेत, त्याचे घर त्यांच्यावरच चालते. वर्षभराच्या गर्भकाळामुळे एक गाढवी तीन वर्षांत फार तर दोन शिंगरे देते. एक गाभण गाढवी मेली तर त्या कुटुंबाचे कामाचे एक जनावर जाते आणि उद्याचेही एक जाते.

वीटभट्टीवरची मुले आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळेत हंगामापुरती येतात. गाढव कधी पाणी पिते, कोणती गाढवी जड आहे आणि कोणी चारा सोडला, हे त्या मुलांना शिक्षकांपेक्षा अधिक माहीत असते. यकृताचा धडा शिकवताना त्यांना बोलते करावे. त्यांतले एखादे मूल घरी जाऊन, "बंद कर काम, पण कडबा बंद करू नको," एवढे जरी बापाला सांगू शकले, तरी पुढच्या वैशाखात एखादी नळी पांढरी होणार नाही.